बायका निघाल्या फुलपाखरं बघायला

मैत्रिणींनो, बायकांची सहल म्हटली की तिचा साचा ठरलेला असतो. आधी देवदर्शन, मग साड्यांचं एखादं दुकान, दुपारी पुरी-भाजी आणि परतताना गाडीत अंताक्षरी. मलाही हे सगळं आवडतं, नाही कशाला म्हणू? पण गेल्या ऑक्टोबरमध्ये नवरात्र आटोपल्यावर आम्ही पाच जणी कुडाळहून आंबोलीला गेलो, त्या फक्त फुलपाखरं आणि पतंग बघायला. एका दिवसासाठी. देवळात गेलो तेही वाटेत लागलं म्हणून.

हे घरी सांगितल्यावर काय काय ऐकलं असेल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमचे हे म्हणाले, ‘‘परसात येतात ती काय कमी आहेत? पेट्रोल जाळून कशाला जायचं?’’ सासूबाईंचा प्रश्न जास्त व्यवहारी होता, ‘‘रविवारचे मासे कोण करणार?’’ शेवटी आदल्या रात्रीच बांगड्यांना मसाला लावून फ्रीजमध्ये ठेवला, तळायचं काम लेकावर सोपवलं आणि मी मोकळी झाले. बांगडे करपले की नाही ते मी अजून विचारलेलं नाही.

आमच्यातल्या चौघी म्हणजे मी, माझी थोरली जाऊ, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आणि शेजारच्या सदुसष्ट वर्षांच्या काकू. काकूंचं माहेर घाटाखालचं. आयुष्यभर आंबोलीवरून त्या गेल्या त्या एसटीच्या खिडकीतून. तिथं उतरून चालल्या कधीच नाहीत. पाचव्या आमच्या नर्सरीवाल्या वहिनी. यजमान अपघातानंतर अंथरुणाला खिळले, तेव्हापासून घराच्या कुंपणापासून रस्त्यापर्यंतच्या पट्टीत त्यांनी रोपवाटिका उभी केली. आंबा-काजूची कलमं, लिंबू, कढीपत्ता, तिरफळ, जास्वंद, शेवंती. मुलाच्या इंजिनीअरिंगची फी त्यातूनच जाते. त्या यायला फारशा तयार नव्हत्या. गाडीभाड्याला पाचवी हवी म्हणून मी गळ घातली, तर म्हणाल्या, ‘‘मला कसली फुलपाखरं दाखवता? त्यांच्या पोरांना मी रोज औषध मारते.’’

आम्ही हसलो. त्याही हसल्या. पण दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

पहाटे साडेपाचला निघालो. सावंतवाडीच्या पुढे दाणोली गेलं की घाट चढायला लागतो. घाटाच्या पायथ्याशीच पारपोली लागतं, ज्याची ओळख आता फुलपाखरांचं गाव म्हणून होते आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर. पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कपाटातल्या कपड्यांना चार महिने बुरशी येते तो कोकणातला पाऊसही त्यापुढे कमीच. तो पाऊस थांबतो आणि सगळं रान फुलतं, ते दिवस म्हणजे ऑक्टोबर. दसऱ्यापासून पुढचा महिनाभर फुलपाखरांसाठी उत्तम.

आम्हाला फिरवणार होती ती आंबोलीचीच एक मुलगी. सावंतवाडीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना जंगल दाखवते आणि त्यातून कॉलेजचा खर्च काढते. तिच्या आईची चहाची टपरी. गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं आम्हाला जंगलात नाही नेलं, टपरीच्या मागच्या भिंतीशी नेलं.

‘‘काकी, हयसर येवा. पण हात लावू नकात.’’

पांढरी चुन्याची भिंत, वर रात्रभर जळलेली ट्यूब. आणि त्या भिंतीवर पतंगच पतंग! रात्री उजेडाला आलेले आणि पहाट झाल्यावर तिथंच चिकटून बसलेले. कुणी वाळक्या पानासारखा, कुणी झाडाच्या सालीसारखा, कुणी नुसता पांढरा, जणू कुणी कागदाचा कपटा चिकटवलाय. आपण सकाळी उठून व्हरांड्यातला दिवा बंद करतो आणि त्याच हातानं केरसुणीनं हे सगळे झाडून टाकतो. मी त्या दिवशी पहिल्यांदा एकेकासमोर उभी राहिले.

फुलपाखरू आणि पतंग यांतला फरक तिनं तिथंच सांगितला. फुलपाखराच्या मिशा, म्हणजे डोक्यावरच्या शृंगिका, टोकाशी गोळीसारख्या फुगीर असतात. पतंगाच्या दोऱ्यासारख्या, नाहीतर पिसासारख्या. फुलपाखरू बसलं की बहुधा पंख पाठीवर जोडून घेतं, पतंग ते पसरून किंवा छपरासारखे उतरते ठेवतो. पतंग बहुतेक रात्रीचे, पण दिवसा उडणारेही आहेत, त्यामुळे रंगावरून आणि वेळेवरून ठरवायला गेलात तर फसाल. मिशा बघायच्या. आणि एक गंमत, आपण फुलपाखरांचं एवढं कौतुक करतो, पण जगात पतंगांच्या जाती फुलपाखरांच्या कितीतरी पट आहेत. रेशमाची साडीसुद्धा पतंगाचीच देणगी. विदर्भात भंडारा-गडचिरोलीकडचं टसर घ्या, तेही ऐनाच्या झाडावर वाढणाऱ्या पतंगाच्या कोषातून निघतं.

भिंतीच्या कोपऱ्यात मात्र जो बसला होता त्याला बघून जाऊबाईंनी ‘‘अगोबाई!’’ म्हणून माझा दंडच धरला. ॲटलास पतंग. पंख पसरले की आपली वीत पुरणार नाही एवढा. विटकरी रंग, मध्ये काचेच्या तुकड्यासारख्या पारदर्शक त्रिकोणी खिडक्या, आणि पंखांची टोकं अशी वळलेली की नागानं मान वर केल्यासारखं वाटावं.

‘‘हेका तोंडच नाय,’’ मुलगी म्हणाली.

‘‘मगे खाता काय?’’ काकूंनी विचारलं.

‘‘कायच नाय. अळी असताना खाल्ला ता खाल्ला.’’

खरंच तसं आहे. ॲटलासच्या अळीचं सगळं आयुष्य खाण्यात जातं. कोषातून पतंग बाहेर येतो तेव्हा त्याला कामाला येईल असं तोंड नसतं. साठवलेल्या शिदोरीवर तो काही दिवस काढतो. त्या दिवसांत मादी एका जागी बसून गंध सोडते, पिसासारख्या मिशांचा नर तो गंध ओळखून लांबून येतो, मादी अंडी घालते आणि संपलं. हे ऐकून काकू बराच वेळ त्या पतंगाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘बायलमाणसाचो जल्म, दुसरा काय!’’ शाळेतल्या बाईंना हे पटलं नाही. नरालाही तोंड नसतं, तोही उपाशीच, हे त्यांनी ताबडतोब निदर्शनास आणून दिलं. टपरीवरच्या गरम चहाबरोबर हा वाद चांगला पाऊण तास रंगला.

पाऊण तास मिळाला कारण फुलपाखरं उठली नव्हती. पक्षी बघायला पहाटे जावं लागतं तसं इथं नाही. फुलपाखराचं अंग स्वतःहून तापत नाही. सकाळी ऊन पडल्यावर पंख पसरून ते आधी शेकत बसतं आणि अंग ऊबदार झालं की मगच उडतं. त्यामुळे नऊ ते बारा ही खरी वेळ. घरातलं सगळं आवरून निघालेल्या बाईलाही गाठता येईल असा हा छंद आहे, हे मला फार सोयीचं वाटलं.

साडेनऊच्या सुमारास हिरण्यकेशीच्या रस्त्याला लागलो. हिरण्यकेशी नदी जिथं उगम पावते ती गुहा आणि महादेवाचं देऊळ तिथं आहे. याच पाण्यात सापडलेल्या एका छोट्या माशामुळे त्या जागेला २०२१ साली जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. रस्त्याकडेच्या मोकळ्या माळावर खुळखुळ्याची पिवळी फुलं होती. वाळलेल्या शेंगा हलवल्या की खुळखुळ वाजतात ना, तेच झाड. लहानपणी आम्ही त्याच्या शेंगा पायात पैंजण म्हणून बांधायचो. त्यातल्या सुकलेल्या फांद्यांवर जवळ जाईपर्यंत मला वाटलं पानं आहेत. जवळ गेल्यावर ती पानं उडाली. काळ्या अंगावर आकाशी ठिपक्यांची ‘ब्लू टायगर’ आणि तपकिरी-काळी ‘कॉमन क्रो’. शंभर तरी असतील. डोक्याभोवती, खांद्यांवर, काकूंच्या अंबाड्यावरसुद्धा एक येऊन बसलं. काकूंनी श्वास रोखला. त्यांच्या चेहऱ्यावर तसा भाव मी आधी कधी बघितला नव्हता.

फुलांऐवजी वाळक्या फांद्यांवर गर्दी का, तर तिथं जमतात ते बहुतेक नर. खुळखुळ्यात एक कडू, विषारी रस असतो. नर तो शोषून घेतात आणि त्यापासून मादीला भुलवणारा गंध तयार करतात. शिवाय ते विष अंगात असलं की पक्षीही वाटेला जात नाहीत. म्हणजे अत्तर आणि कवचकुंडलं एकाच दुकानातून!

पुढे ओढ्याच्या काठच्या ओल्या मातीवर पिवळी, पांढरी, निळ्या पट्ट्याची अशी वीस-पंचवीस फुलपाखरं सोंडा खुपसून बसली होती. याला चिखलपान म्हणतात. फुलातल्या मधात साखर मिळते, पण मीठ मिळत नाही. ते ओल्या मातीतून घ्यायचं. हेही काम मुख्यतः नरांचं. मिलनाच्या वेळी ते क्षार नर मादीला देतो आणि ते अंड्यांच्या उपयोगी पडतात. ‘‘म्हणजे हा आहेर झाला,’’ जाऊबाई म्हणाल्या. त्यांचं ऐकून आमच्या वाटाड्या मुलीनं वहीत ‘आहेर’ असं लिहूनच घेतलं.

ब्ल्यू ओकलीफ बघायला मात्र डोळे फोडावे लागले. ‘‘त्या खोडार बघा, त्या खोडार,’’ मुलगी बोट दाखवत होती आणि आम्हाला खोडावर एक वाळकं पान अडकलेलं दिसत होतं. देठ होता, मधली शीर होती, कुजल्याचा डागसुद्धा होता. तिनं एक पाऊल पुढे टाकलं आणि त्या पानानं पंख उघडले. आत गडद निळा रंग, त्यावर फिकट निळसर पट्टा. दोन सेकंद. मिटलं की परत पान.

आता मूळ गोष्टीकडे येते. इथपर्यंत नर्सरीवाल्या वहिनी आमच्याबरोबर होत्या, बघत होत्या, पण फारसं बोलत नव्हत्या. अकराच्या सुमारास आम्ही त्या मुलीच्या घरी पाणी प्यायला थांबलो. परसात तिरफळाचं झाड. तिरफळ म्हणजे आपल्या बांगड्याच्या आमटीचा जीव. काटेरी खोड, हिरव्या फळांचे घोस लगडलेले. त्याच झाडाभोवती एक मोठं काळं फुलपाखरू घिरट्या घालत होतं, पंखांवर निळसर हिरवा रुंद पट्टा, उन्हात मोरपिसासारखा चमकणारा. मुलगी एकदम कुजबुजायला लागली, ‘‘मलबार बँडेड पीकॉक!’’

हे फुलपाखरू फक्त आपल्या सह्याद्रीतलं, जगात दुसरीकडे नाही. केरळनं २०१८ साली ते आपलं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं, तिकडे त्याला ‘बुद्धमयूरी’ म्हणतात. राज्य फुलपाखरू जाहीर करण्यात मात्र महाराष्ट्र पहिला. २०१५ साली आपण ब्लू मॉरमॉनला तो मान दिला. राणी पाकोळी म्हणा किंवा नीलवंत. काळ्या मखमलीवर निळे शिंतोडे असलेलं ते मोठं फुलपाखरू आपल्यापैकी पुष्कळ जणींनी परसात बघितलेलं असतं. त्याची अळी लिंबू-पपनसाच्या जातीच्या झाडांवर वाढते. बुद्धमयूरीची वाढते तिरफळावर.

फुलपाखरू एका पानावर टेकलं, पुढच्या पायांनी पान थोपटल्यासारखं केलं, उडालं, दुसऱ्यावर गेलं.

‘‘काय करतं आहे ते?’’ बाईंनी विचारलं.

मुलीनं तोंड उघडण्याआधी वहिनी बोलल्या. ‘‘अंडी घालायला पान शोधतेय. जून पानावर घालणार नाही. कोवळं बघते. बघा, आता त्या शेंड्याला जाईल.’’

ते शेंड्याला गेलं. पोट वाकवलं आणि एक अंडं चिकटवून उडालं.

मग वहिनींनी चष्मा लावला, फांदी हलकेच वाकवली आणि मिनिटभरात पानांच्या वरच्या बाजूला तीन अळ्या काढून दाखवल्या. आम्हाला ती पाखराची शीट वाटली होती. ‘‘लहान असताना अशाच दिसतात, शिटेसारख्या, म्हणजे पक्षी खात नाहीत. लिंबावरच्या पण अशाच. चार वेळा कात टाकली की हिरव्या होतात. बोट लावलं तर डोक्यातून नारिंगी शिंग काढतात, घाण वास येतो.’’ बीएस्सीची मुलगी आ वासून ऐकत होती. तिच्या पुस्तकात जे होतं ते सगळं वहिनींच्या बोटात होतं. कुठली अळी कुठल्या झाडावर, दिवसाला किती पानं खाते, अंड्यापासून कोषापर्यंत किती दिवस, पावसात किती आणि थंडीत किती. रुईवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची. कण्हेरीवरची, जिचा कोष चांदीच्या लोलकासारखा चमकतो. आंब्याच्या पानाच्या शिरेवर झोपलेली हिरवी काटेरी, जी हात लागेपर्यंत दिसतच नाही. सीताफळावरची, एरंडावरची, टाकळ्यावरची. त्यांना इंग्रजी नावं येत नव्हती एवढंच. मुलगी एकेक नाव सांगत होती आणि वहिनी ‘‘असं होय, हिला असं म्हणतात काय’’ म्हणत होत्या, जणू वर्षानुवर्षं दारात येणाऱ्या माणसाचं नाव आज कळलं.

‘‘वहिनी, तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक?’’ मी विचारलं.

‘‘मारायचं तर ओळखावं लागतं,’’ त्या म्हणाल्या.

सगळ्या जरा गप्प झाल्या. शाळेतल्या बाईंच्या मनात आलं ते त्यांनी बोलून टाकलं. ‘‘मग नका ना मारू. केवढीशी पानं खातात.’’ त्यावर वहिनींनी जे सांगितलं ते मला जसंच्या तसं द्यावंसं वाटतं, कारण निसर्गाबद्दल लिहिताना आपण ही बाजू सोयीस्कर विसरतो. ‘‘बाई, परसातल्या मोठ्या झाडाला काही होत नाही, ते सोसतं. माझं रोप वीतभर. तीन अळ्या दोन दिवसांत त्याचा खराटा करतात. गिऱ्हाईक गाडी थांबवून येतं, पानाला एक भोक दिसलं तर म्हणतं रोगट आहे, निम्म्या किमतीत द्या. नाहीतर घेतच नाही. लिंबाच्या कलमाला मी दोन वर्षं पाणी घातलेलं असतं. महिन्याला ह्यांच्या औषधांचेच किती होतात ते मला माहीत.’’

बाईंजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नव्हतं. आजही पूर्ण नाही.

जेवण तिथंच झालं. आमचे डबे आणि त्या मुलीच्या आईनं केलेली गरम सोलकढी. जेवताना मी त्यांना वाचनात आलेली एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते. मारिया सिबिला मेरियन. जन्म १६४७, जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा. तेराव्या वर्षी तिनं रेशमाचे किडे पाळले आणि त्यांची चित्रं काढायला लागली. त्या काळी किडे चिखलातून, कुजक्या वस्तूंतून आपोआप जन्मतात असं पुष्कळ शिकलेले लोकही मानत. ही बाई मात्र स्वयंपाक, शिवणटिपण, दोन मुली सांभाळून अळ्या डब्यांत पाळायची, कुठल्या झाडाचं पान खातात ते बघायची आणि अंडं, अळी, कोष, फुलपाखरू आणि ते झाड, सगळं एकाच चित्रात काढायची. नवऱ्यापासून वेगळी झाली. १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन जहाजात बसली आणि दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. कशाला, तर तिथल्या अळ्या बघायला! दोन वर्षांनी आजारी पडून परतली आणि १७०५ साली त्या चित्रांचं मोठं पुस्तक काढलं. आजही अभ्यासक ते उघडून बघतात.

‘‘बावन्नाव्या वर्षी?’’ जाऊबाईंनी परत विचारलं. त्यांना येत्या मार्चमध्ये बावन्न लागतंय.

दुपारनंतर फुलपाखरं कमी झाली, पण त्या मुलीच्या आजीच्या कुंपणावर एक वेल बघायला मिळाला. ईश्वरी, कुणी सापसंद म्हणतं. या वेलाची पानं विषारी. ‘कॉमन रोज’ नावाच्या काळ्या-लाल फुलपाखराची अळी तीच खाते आणि ते विष मोठेपणीही फुलपाखराच्या अंगात राहतं, म्हणून पक्षी त्याला शिवत नाहीत. आणि मग आपल्या कढीपत्त्यावर वाढणारं ‘कॉमन मॉरमॉन’ काय करतं? त्याच्या पुष्कळ माद्या हुबेहूब त्या विषारी बाईसारखा काळा-लाल वेष करतात! नर मात्र साधाच, काळ्यावर पांढरा पट्टा. सह्याद्रीतलं ते भलंमोठं सोनेरी-काळं ‘सदर्न बर्डविंग’सुद्धा ईश्वरीच्याच जातीच्या वेलांवर वाढतं. वेल गेला की ती सगळी गेली. फुलं कितीही लावा, अळीला तिचंच पान लागतं, दुसरं देऊन ती खात नाही, उपाशी मरते. दोडामार्गकडे जंगल उतरवून रबराच्या बागा वाढल्या आहेत. लांबून हिरवंगारच दिसतं, पण त्या हिरव्यात ईश्वरी नाही आणि रानातलं तिरफळही नाही. हे मला आधी कळत नव्हतं. रस्त्याकडेला ‘साफसफाई’ म्हणून टाकळा, रुई, खुळखुळा छाटून जाळतात ते बघूनही आपल्याला छानच वाटायचं.

वहिनींनी त्या वेलाकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग आजीला विचारलं, ‘‘बी धरतं का हो? की छाट लावायची?’’ जंगलातून काही उपटून न्यायचं नाही हे मुलीनं सकाळीच बजावलं होतं, पण हा वेल आजीच्या कुंपणावरचा. आजीनं सुकलेली दोन बोंडं पदराच्या गाठीतून दिली. छोट्या उलट्या छत्रीसारखी दिसतात ती.

तुम्हाला जायचं असेल तर थोडक्यात सांगते. भडक कपड्यांपेक्षा फिके, सुती, पूर्ण बाह्यांचे बरे. पायात बूट आणि जळवांसाठी जरा तंबाखूची भुकटी किंवा मीठ. जाळी नको, पंख चिमटीत धरले की त्यावरची भुकटी, म्हणजे खवले, हाताला येतात आणि कित्येक जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षणही आहे. जवळ जाताना आपली सावली फुलपाखरावर पडू द्यायची नाही. मोबाईलचा फोटो नाही आला तरी चालतो. स्थानिक माणूस बरोबर घ्या. त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत. आंबोलीच कशाला, तुमच्या गावाबाहेरचा ओढा आणि त्याच्या काठचं रान, ऑक्टोबरातली कुठलीही सकाळ चालेल. पतंगांसाठी तर तेवढंही नको. पावसाळ्यात गच्चीवर पांढरी चादर टांगायची, समोर दिवा लावायचा आणि खुर्ची टाकून बसायचं.

परतताना अंताक्षरी झाली नाही. काकू झोपल्या. वहिनी खिडकीतून बाहेर बघत होत्या. दाणोलीला गाडी थांबली तेव्हा एकदम म्हणाल्या, ‘‘मागच्या कोपऱ्यात विहिरीकडे जागा आहे. उन्हाची नाही, फुटकी भांडी टाकते तिथं.’’ मी काही विचारलं नाही.

पुढच्या दहा-बारा दिवसांत मी त्यांच्याकडे दोनदा गेले. रस्त्याकडच्या रोपांना औषध मारणं चालू आहे. ते बंद करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि सांगू नये असंच मला वाटतं. त्या पैशावर ते घर उभं आहे. पण विहिरीकडच्या कोपऱ्यातली फुटकी भांडी गेली. तिथं पंधरा-वीस रोपं आहेत, न विकली गेलेली, वाकडी, कढीपत्त्याची आणि तिरफळाची. समोरच्या ओळीत अळी दिसली की आता ती चिमटीनं उचलून वहिनी मागे नेऊन सोडतात. निदान ज्या दिसतात त्या. ‘‘औषध तेवढंच कमी लागतं,’’ असं मला सांगितलं, हिशेबाच्या स्वरात. ईश्वरीचं बी एका कुंडीत टाकलंय. ते अजून उगवलेलं नाही.

परवा सकाळी सातला त्यांचा फोन. ‘‘कोष काळा पडलाय. येता तर लगेच या.’’ गाऊनवर ओढणी टाकून मी तशीच गेले. कढीपत्त्याच्या काडीला रिकामं टरफल लटकत होतं आणि त्याच्याच वर एक लिंबाचं साधं फुलपाखरू, पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचं, ओले मऊ पंख लोंबवत बसलं होतं. आपण रोज बघतो तेच. वहिनी उकिडव्या बसून त्याच्याकडे बघत होत्या, शेजारी फवारणीचा पंप तसाच.

रस्त्यावर गाडी थांबली. कुणीतरी दोनदा हॉर्न वाजवला.

‘‘थांबा जरा,’’ वहिनी आतूनच ओरडल्या, ‘‘पंख सुकतायत!’’